वाचकांचे प्रश्न : गोष्ट सांगितल्यावाचून माणसाला का राहवत नाही?

बोधकथांवरील मागील टिपणात आम्ही ‘तात्पर्य हे गोष्टीला बहुधा नंतर चिकटवलेले असते’ असे लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काही रागावलेली होती, काही त्या निमित्ताने वेगळेच काही विचारणारी होती. त्यांतील सहा पत्रे संक्षेपाने येथे देत आहोत.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. पुस्तकातील गोष्टीखाली तात्पर्य असते, परीक्षेतही तेच विचारले जाते. आपल्या वाक्याने माझ्या शिकवण्याचा आधारच काढून घेतला. बोध करण्यासाठी नसेल, तर माणसे गोष्टी सांगतात तरी कशासाठी?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : तात्पर्याशी आमचे भांडण नाही, तात्पर्य हेच गोष्टीचे कारण आहे असे मानण्याशी आहे. नीतिकथा म्हटले की आपल्याला पहिल्यांदा पंचतंत्र आठवते, तेव्हा त्याचीच साक्ष काढू. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे तीन मंदबुद्धी पुत्र आणि त्यांना सहा महिन्यांत राजनीतीत तरबेज करण्याचा विष्णुशर्म्याचा पण ही चौकट आपण वर्गात सांगतच असाल. मात्र चौकट ओलांडून आत गेल्यावर दिसते ते निराळेच. पहिल्या तंत्रात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री जमली आहे आणि दमनक नावाचा कोल्हा ती मोडायला निघाला आहे. त्याच्याजवळ ना नखे आहेत ना शिंगे. त्याच्याजवळ गोष्टी आहेत. तो सिंहाजवळ जाऊन गोष्टी सांगतो, बैलाजवळ जाऊन गोष्टी सांगतो आणि ‘हे करू नकोस’ म्हणणाऱ्या करटक या आपल्या सोबती कोल्ह्यालाही गोष्टी सांगूनच गप्प करतो. करटक त्याला उलट गोष्टी सांगून पाहतो, पण त्याचे काही चालत नाही. अखेरीस बैल प्राणास मुकतो आणि दमनक सिंहाच्या पदरी मानाने राहतो. म्हणजे आपल्या नीतिकथांच्या मुख्य ग्रंथातील सर्वांत कसबी कथेकरी हा एक कारस्थानी कोल्हा आहे.

हा शेवट पुढच्या लोकांना सोसला नाही. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने पंचतंत्राचा अवतार पहलवी या जुन्या इराणी भाषेतून अरबीत नेला, तेव्हा त्यात एक नवे प्रकरण आले. त्या प्रकरणात कोल्ह्यावर खटला चालतो, अपराध शाबीत होतो आणि त्याला देहान्त मिळतो. तात्पर्य नंतर चिकटवले जाते असे आम्ही म्हटले, त्याचा याहून ठळक पुरावा आम्हाला तरी ठाऊक नाही.

मग गोष्ट येते कुठून? आमच्या समजुतीप्रमाणे ती दोन गरजांतून येते आणि त्यांपैकी पहिली फार खोल आहे. डोळ्यांसमोर दोन गोष्टी एकामागून एक घडल्या की त्या सुट्या राहू देणे माणसाला जमत नाही. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक छोटी चित्रफीत तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि एका बाजूने उघडझाप होणारी एक चौकट, एवढेच होते आणि या आकृत्या इकडून तिकडे सरकत होत्या. चौतीस विद्यार्थिनींना ती दाखवून ‘काय पाहिले ते लिहा’ असे सांगितले. भूमितीच्या भाषेत लिहिणारी एकच निघाली. बाकीच्यांच्या लिहिण्यात त्या आकृत्या जिवंत झाल्या. दोघांची एकीवरून मारामारी झाली, मोठा दांडगाई करू लागला, वर्तुळ घाबरले, धाकटा त्याला सोडवून घेऊन पळाला. कागदाच्या कपट्यांनाही राग-लोभ दिल्याशिवाय ज्यांना राहवत नाही, ते पावसाला, रोगाला, दुष्काळाला आणि शेजाऱ्याच्या अबोल्याला गोष्ट दिल्यावाचून कसे सोडतील?

दुसरी गरज ऐकणाऱ्याची आहे. नुसता कार्यकारणभाव मनात लागला तर तो विचार झाला. त्याची गोष्ट होते ती कोणाला तरी आपल्या शेजारी बसवून ‘मी पाहिले ते तूही पाहा’ असे म्हटल्यावर. दमनकाने हेच केले आणि चांगली माणसेही हेच करतात. आम्हाला या साऱ्याचा उलगडा एवढाच वाटतो : गोष्ट हा समोरच्याला आपल्या जागी आणून उभे करण्याचा उपाय आहे. त्या जागी आल्यावर त्याने शहाणपण घ्यायचे, सावध व्हायचे, फसायचे की नुसते हसायचे, हे पुढचे आहे.

यातून उपयोग होत नाही असे मुळीच नाही. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेलू नावाचे बेट आहे. १९०७ साली भूकंपामागोमाग समुद्राच्या लाटांनी तेथील पुष्कळ माणसे नेली. त्यानंतर घरोघरी ती हकिकत सांगितली गेली, गाण्यांत गुंफली गेली, लेकरांना निजवताना म्हटली गेली. जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला की मागे न पाहता डोंगराकडे पळायचे, एवढा तिचा गाभा. २६ डिसेंबर २००४ रोजी महाभूकंप झाला तेव्हा हे बेट त्याच्या अगदी जवळ होते. पहिली लाट यायला मिनिटांचाच अवधी होता आणि धोक्याचा इशारा देणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. बेटावरचे लोक पळाले. सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीतून सात माणसे दगावली. पलीकडे सुमात्राच्या मुख्य भूमीवर, आचे प्रांतात, मृतांची संख्या लाखाच्या वर गेली.

आता याला आपण तात्पर्य म्हणाल. पण नुसते तात्पर्य, म्हणजे ‘भूकंपानंतर किनाऱ्यावर थांबू नये’ हे एक वाक्य, जवळजवळ शंभर वर्षे टिकले असते का, याचा विचार करावा. सूचना पाळायला सूचना देणाऱ्याचा धाक लागतो आणि धाक माणसाबरोबर संपतो. १९०७ साली घरातले कोण कोण गेले याची हकिकत मात्र नातवंडाला त्या किनाऱ्यावर नेऊन उभे करते. ज्या आज्यांनी ती सांगितली त्यांनी २००४ चा हिशेब केला नव्हता. त्या गेलेल्यांविषयी बोलत होत्या.

वर्गापुरते सुचवायचे तर, गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ याआधी ‘ही गोष्ट कोण कोणाला आणि का सांगत असेल?’ असे एकदा विचारून पाहावे. करटक आणि दमनक यांच्या बाबतीत हा प्रश्न मुलांना फार आवडेल, असा आमचा अंदाज आहे.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिला रोज रात्री चिऊ-काऊचीच गोष्ट हवी असते. नवी सुरू केली की रुसते आणि जुन्या गोष्टीत मी एखादा शब्द बदलला तर ‘तसं नाही’ म्हणून ओरडते. इतकी पुस्तके आणून ठेवली आहेत. यात काही काळजीचे आहे का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : काहीही नाही. मोठी माणसे पुढे काय होणार हे कळावे म्हणून गोष्ट ऐकतात. या वयाची मुले पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे, याचा आनंद घेण्यासाठी ऐकतात. त्यांच्या दिवसात पुढचे काहीच त्यांच्या हाती नसते. जेवण कधी, बाहेर कधी, आई कामाहून कधी येणार, सारे दुसऱ्याच्या मर्जीने. शेणाचे घर वाहून जाणार, मेणाचे राहणार, कावळा दार ठोठावणार आणि चिमणी बाळाला अंघोळ घातल्याशिवाय, तीट लावल्याशिवाय, निजवल्याशिवाय दार उघडणार नाही, एवढा एक प्रदेश तिच्या पूर्ण ताब्यातला आहे. तेथे आपण शब्द बदललात तर ती रागावणारच.

जाता जाता, या गोष्टीखाली तात्पर्य लिहायला कोणाला सांगितले तर पंचाईत होईल. भिजणाऱ्या शेजाऱ्याला ताटकळत ठेवावे, हा काही आदर्श बोध नव्हे. तरी पिढ्यान्पिढ्या हीच गोष्ट सांगितली जात आहे.

प्रश्न : माझे वडील सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. पानशेतच्या पुराची हकिकत ते वारंवार सांगतात. माझ्या लहानपणी ते म्हणत की पाणी वाढताना पाहून ते शेजारच्या माडीवर गेले. पुढे त्यात शेजारणीची ट्रंक वाचवल्याचे आले. हल्ली ते स्वतः एका मुलाला पाठीवर घेऊन पाण्यातून गेले असे सांगतात. माझा भाऊ म्हणतो, वडील खोटे बोलतात. मला तसे म्हणवत नाही. खरे काय समजावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते माहीत असते. आपल्या वडिलांच्या बाबतीत तसे असेलच असे दिसत नाही.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचा स्मरणावरील ग्रंथ १९३२ साली आला. त्यांनी उत्तर अमेरिकेतील आदिवासींची, इंग्रज वाचकाला सर्वस्वी अपरिचित असलेली, भुतांच्या लढाईची एक गोष्ट लोकांना वाचायला दिली आणि नंतर काही वेळाने, काही दिवसांनी, काहींना तर काही वर्षांनी ती आठवून लिहायला सांगितली. गोष्ट दरवेळी आखूड होत गेली. जे चमत्कारिक होते ते गळाले किंवा त्याला पटण्यासारखे कारण जोडले गेले. कोरून केलेल्या होड्यांच्या साध्या नावा झाल्या, सीलच्या शिकारीऐवजी मासेमारी आली. लिहिणाऱ्यांपैकी कोणीही लबाडी करत नव्हते. आठवण ही पेटीतून काढून दाखवायची वस्तू नसून दरवेळी नव्याने रचायची असते, असा बार्टलेट यांचा निष्कर्ष होता आणि तो पुढच्या संशोधनाने मोडलेला नाही.

आपल्या वडिलांची परिस्थिती थोडी वेगळी आहे, कारण त्यांनी वाचलेले नव्हे तर भोगलेले सांगितले आहे. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांधही त्या लोंढ्यापुढे टिकला नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी पुण्यात असलेल्या माणसाने स्वतःचे जेवढे पाहिले, त्याच्या कितीतरी पट पुढच्या महिन्यांत दुसऱ्यांकडून ऐकले. कोणी कोणाला खांद्यावर घेतले, कोणाचे काय वाहून गेले, याच्या हकिकती वाड्यावाड्यांत सांगितल्या गेल्या. साठ-पासष्ट वर्षांत त्यांतील एखादी ऐकलेली हकिकत ‘मी’ म्हणून सांगितली जाऊ लागली, तर त्यात नवल नाही. आणखी एक शक्यता भावाने लक्षात घ्यावी. माडीवर गेल्याची गोष्ट तरुण माणसाने सांगितली होती. आज ती एक म्हातारा माणूस नातवंडांसमोर सांगतो आहे. आयुष्यभर मनात राहिलेले ‘तेव्हा मी आणखी काही करायला हवे होते’ हे कधीकधी ‘मी केले’ असे होऊन बाहेर येते. आपल्या वडिलांचे असेच झाले असे आम्ही म्हणत नाही; ते तपासायला आपण त्यांच्याजवळ आहात.

उपाय म्हणाल तर लीळाचरित्र या मराठीतील आद्य गद्यग्रंथाने तो घालून दिला आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या, तेव्हा त्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून विचारले. तेराव्या शतकात केलेले हे काम क्षेत्रीय संशोधनाच्या कोणत्याही आजच्या कसोटीला उतरावे असे आहे. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. असा एक पाठ हिराइसा नावाच्या विदुषीच्या नावाने ओळखला जातो. महत्त्वाचे असे की लीळाचरित्राच्या परंपरेत एकाच प्रसंगाविषयी वेगवेगळ्यांना वेगवेगळे आठवले, तर ते भेद पुसून एकसारखे केले गेले नाहीत. तेही लिहून ठेवले गेले. आपणही वडिलांची प्रत्येक वेळची हकिकत तारखेसह उतरवून घ्यावी. माडी, ट्रंक आणि मूल, तिन्ही राहू द्यावीत. पुरात काय घडले याचा पुरावा म्हणून पहिली धरावी. वडिलांना काय सांगायचे आहे याचा पुरावा म्हणून शेवटची.

प्रश्न : आमच्याकडे हिंदी भाषक शेजारी ‘दिवसा गोष्ट सांगितली की मामा रस्ता चुकतो’ असे म्हणून मुलांना रात्रीपर्यंत थांबवतात. यामागे काही कारण असेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : कामाच्या वेळी मुलांनी ‘गोष्ट सांग’ म्हणून पाठ धरू नये, हे उघड कारण. मामाला मध्ये घालण्याची युक्ती मात्र नामी आहे. मामा वाट चुकावा असे कोणत्याच मुलाला वाटणार नाही. अशी बंधने अन्यत्रही आहेत. अमेरिकेतील नावाहो लोकांमध्ये कोल्ह्यासारख्या कायोटी प्राण्याच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या असतात.

दिवस आणि रात्र यांतला फरक प्रत्यक्ष मोजलेलाही आहे. मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीस्नर यांनी कालाहारी वाळवंटातील जु/होआन्सी या पूर्वी शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांची संभाषणे टिपली होती. त्यांचे विवेचन २०१४ साली प्रसिद्ध झाले. दिवसाच्या बोलण्यात व्यवहार आणि तक्रारी मिळून जवळजवळ दोन तृतीयांश होत्या, गोष्टी अवघ्या सहा टक्के. रात्री शेकोटीभोवती मात्र एक्याऐंशी टक्के बोलणे गोष्टींचे होते. दूरच्या नातलगांच्या, लग्नांच्या, भांडणांच्या, मेलेल्यांच्या. उजेडात माणसे एकमेकांचे हिशेब काढतात, काळोख पडला की समोर नसलेल्यांविषयी बोलतात. यात आमची एक पुस्ती : रात्री चेहरा नीट दिसत नाही, हात रिकामे असतात आणि उठून जायला जागा नसते. श्रोता मिळवायला याहून अनुकूल वेळ नाही.

प्रश्न : सासूबाई श्रावणात वारावारांच्या कहाण्या सांगत. आम्ही सगळ्या हातात अक्षता घेऊन ऐकत असू. आता नणंदा आपापल्या घरी, मुले परगावी, मी नोकरीत. त्या एकट्याच देवापुढे बसून पुस्तकातून मोठ्याने वाचतात. ऐकायला कोणी नसताना कहाणी सांगण्याला काय अर्थ, असे मी एकदा बोलून गेले आणि त्या दुखावल्या. माझे काही चुकले का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बोलण्याची वेळ चुकली असेल, प्रश्न मात्र नेमका आहे आणि तो कहाण्यांनीच आधी विचारलेला आहे. आदित्यराणूबाईची कहाणी या दृष्टीने पुन्हा वाचावी. ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. बाप राजाच्या घरी जातो आणि लेकीला म्हणतो, मला कहाणी सांगायची आहे, ती ऐक. तिला वेळ नाही. राजा पारधीला निघाला आहे. बाप उठतो आणि प्रधानाच्या घरी जातो. तेथली लेक बसून ऐकते. येथून पुढे राणीला दारिद्र्य येते. तिने चोरी केलेली नाही, कोणाला उपाशी पाठवलेले नाही, बापाला तर गूळपाणी विचारले आहे. तिचा अपराध एवढाच की तिने कहाणी ऐकली नाही.

आणि उत्तरार्धात तीच राणी श्रोता शोधत हिंडते. वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी कोणी उपाशी आहे का याची दवंडी पिटवते. मोळीविक्या भेटतो, तो म्हणतो, कहाणी ऐकून माझे पोट भरेल काय? तरी तो बसतो. मळा न पिकणारा माळी भेटतो, मुलगे गमावलेली म्हातारी भेटते, हातपाय नसलेला मांसाचा गोळा भेटतो. दरवेळी सहा मोती निघतात. तीन ऐकणाऱ्याच्या हाती, तीन सांगणारीच्या. ही वाटणी आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. दक्षिणा सांगणाऱ्याला मिळत नाही, प्रसाद ऐकणाऱ्याला मिळत नाही. दोघांचा वाटा सारखा. मनोभावे सांगायची आणि चित्तभावे ऐकायची, ही दोन कामे एकाच तोलाची मानलेली आहेत. ज्या कहाणीचे पुण्य आहे त्या कहाणीत मुख्य संकट श्रोता न मिळण्याचे असावे, यावरून ती रचणाऱ्या बायकांना काय जाचत होते ते कळते. घरात त्यांचे ऐकले जाण्याचे प्रसंग मोजके होते. श्रावणातला हा एक प्रसंग देवाच्या नावाने राखून ठेवलेला होता आणि तो नाकारणाऱ्याला शिक्षा होती.

शेजारच्या भाषांतही हे आहे. ए. के. रामानुजन यांनी नोंदलेल्या एका कानडी कथेत एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत असते, पण ती कोणालाच सांगत नाही. कोंडून घातलेली गोष्ट आणि गाणे शेवटी कंटाळून ती निजलेली असताना बाहेर पडतात आणि उंबऱ्याशी पुरुषाचे जोडे व खुंटीवर पुरुषाचा कोट होऊन बसतात. मग नवऱ्याचा संशय आणि भांडण. एका तामिळ कथेत मुला-सुनांनी छळलेली विधवा दुःख कोणाजवळ बोलू शकत नाही आणि न बोलल्यामुळे फुगत जाते. एके दिवशी ती पडक्या घरात जाऊन चार भिंतींना एकेक गाऱ्हाणे सांगते. प्रत्येक भिंत ऐकून कोसळते आणि बाई हलकी होते.

आपल्याकडे भिंतीच्या जागी जाते होते. पहाटे दळताना बाईने जात्याला ईश्वर म्हटले, त्याच्याजवळ माहेरचे, भावाचे, सासरच्या जाचाचे सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गिरण्या आल्या, दळणाचे कष्ट गेले ते बरेच झाले. पण एक ऐकणारे मात्र गेले.

तेव्हा सासूबाई एकट्या वाचतात याला अर्थ आहे. देव हा त्यांचा श्रोता आहे आणि कहाणीची सुरुवातच ‘ऐका’ म्हणून त्याला हाक मारून होते. तरी त्यांना माणूसही हवे असणार, नाहीतर आपल्या बोलण्याने त्या दुखावल्या नसत्या. शुक्रवारी कामावरून परतल्यावर कहाणीपुरते त्यांच्याजवळ बसता आले तर बसावे. परगावच्या नातवंडांना फोनवर घेता आले तर त्यांनाही घ्यावे. व्रतावर आपला विश्वास आहे की नाही हा प्रश्न त्यासाठी सोडवावा लागत नाही. मोळीविक्याचाही नव्हता.

प्रश्न : मी एका संस्थेत हिशेबनीस आहे. वार्षिक सभेत थकबाकीचे आकडे मांडले की सभासद जांभया देतात. मग अध्यक्ष उठतात, एका अडलेल्या कर्जदाराची हृदयद्रावक गोष्ट सांगतात आणि सवलतीचा ठराव टाळ्यांत मंजूर होतो. आपण गोष्टींचे गोडवे गात आहात म्हणून विचारतो, याला उपाय काय?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि तिच्या बाजूने पुरावाही आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही लोकांना आफ्रिकेतील दुष्काळाची आकडेवारी दिली आणि काहींना माली देशातील एका सात वर्षांच्या मुलीची हकिकत, मग दोघांकडे मदत मागितली. मुलीची हकिकत वाचणाऱ्यांनी सरासरी दुपटीहून अधिक पैसे दिले. तिसऱ्या गटाला हकिकत आणि आकडे दोन्ही दिले, तेव्हा रक्कम पुन्हा खाली आली. म्हणजे आपण अध्यक्षांच्या गोष्टीनंतर लगेच आकडे वाचून दाखवलेत, तर सभासदांचा कर्जदाराविषयीचा कळवळा कदाचित कमी होईल, परंतु थकबाकीविषयी आस्था वाढेल असे नाही. त्यात आपणच निष्ठुर ठराल.

दमनकाच्या हातातही गोष्टच होती, हे वर सांगितलेच आहे. म्हणून गोष्टीला किती जागा द्यायची हे ठरवण्याची शिस्त जुन्यांनी बसवली होती. चक्रधरांच्या दृष्टांतांचा संग्रह केशिराजबासांनी केला, त्याची मांडणी पाहावी. आधी सूत्र येते, म्हणजे सांगायचा सिद्धान्त. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि तेथे न थांबता दार्ष्टांतिक येते, म्हणजे या गोष्टीतले काय त्या सूत्राला लागू करायचे याचा खुलासा. हत्ती आणि आंधळे यांची सर्वांना ठाऊक असलेली गोष्टही तेथे अशा बंदोबस्तात आहे. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात निरूपण होते आणि आख्यानाला उत्तररंगात जागा मिळते. आख्यानात श्रोते रडतात, पण त्या रडण्याने पूर्वरंगातला सिद्धान्त शाबीत झाला असे कोणी कीर्तनकार म्हणत नाही.

सभेत आपल्याला तिसऱ्या भागाची, म्हणजे दार्ष्टांतिकाची, मागणी करता येईल. अध्यक्षांची गोष्ट संपली की ती खोटी आहे असे म्हणू नये, बहुधा ती खरीच असेल. विचारावे ते इतकेच : थकबाकीदारांपैकी कितीजण या कर्जदारासारखे अडलेले आहेत आणि सवलत त्यांनाच मिळेल की सर्वांना? प्रश्न विनयाने विचारला तर उत्तर द्यावेच लागते, आणि उत्तरासाठी सभेला आपल्याच खातेवहीकडे वळावे लागते.

आणखी एक करता येईल. आपल्या आकड्यांतही माणसे आहेत. ठेवी ठेवणारेही कोणीतरी अडलेले असतात. निवृत्तीची रक्कम ठेवलेला एखादा सभासद, जो थकबाकी वाढल्यामुळे मुदत संपूनही ठेव काढू शकला नाही, त्याची हकिकत त्याच्या परवानगीने, नाव न घेता, अहवाल वाचण्याआधी सांगावी. नंतर नव्हे, आधी. आणि तिच्या शेवटी लगेच अशा ठेवीदारांची संख्या द्यावी. अध्यक्ष एका बाजूला माणूस उभा करतात आणि आपण दुसऱ्या बाजूला तक्ता ठेवता, तोपर्यंत हा सामना बरोबरीचा होणार नाही.